घरगुती नेटवर्क साठवण उपकरणाची क्षमतावाढ

घरगुती नेटवर्क साठवण उपकरणाची क्षमतावाढ म्हणजे घरातील स्थानिक नेटवर्कला जोडलेल्या साठवण उपकरणात, आधीची माहिती शाबूत ठेवून, अधिक जागा उपलब्ध करून देण्याची प्रक्रिया होय. अशा उपकरणास बोलीभाषेत 'नॅस' असे म्हणतात. त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क, एक छोटा प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क जोडणी असते. घरातील संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच त्यावरील छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे वापरू शकतात.

नव्या उपकरणात क्षमतावाढ ही बहुधा नित्याची बाब असते. पाच-दहा वर्षे सतत चाललेल्या उपकरणात मात्र तिला दोन मर्यादा पडतात. पहिली, उपकरणाच्या काळातील तांत्रिक रचना मोठ्या डिस्क पूर्णपणे ओळखेलच असे नाही. दुसरी, क्षमता वाढवताना जुन्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. त्यामुळे झिजलेली डिस्क बंद पडण्याचा संभव याच कामाच्या वेळी वाढतो. या कारणाने क्षमतावाढीच्या कोणत्याही पद्धतीत स्वतंत्र बॅकअप ही पहिली पायरी मानली जाते.

## पार्श्वभूमी

नेटवर्कवरून फायली सामायिक करण्याची पद्धत प्रथम विद्यापीठे व कार्यालयांमध्ये रूढ झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये 'नेटवर्क फाइल सिस्टीम' हा प्रोटोकॉल आणला. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वेग व विश्वासार्हता मिळवण्याची संकल्पना शोधनिबंधातून मांडली. ही संकल्पना 'रेड' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. एक डिस्क निकामी झाली तरी माहिती उपलब्ध राहावी, हा तिच्या बहुतेक प्रकारांचा हेतू आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वस्त प्रोसेसर आणि लिनक्स यांमुळे ही व्यवस्था घरांपर्यंत पोहोचली. लिंकसिस कंपनीच्या 'एनएसएलयू२' या २००४ मधील उपकरणात स्वतःची डिस्क नव्हती. यूएसबी डिस्क जोडून ते वापरले जाई. तैवानमधील सिनॉलॉजी व क्यूनॅप या कंपन्यांनी पुढे अनेक कप्प्यांची उपकरणे लोकप्रिय केली. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'फ्रीनॅस' या मुक्त सॉफ्टवेअरमुळे जुना संगणकही साठवण उपकरण म्हणून वापरता येऊ लागला.

याच काळात डिस्कची क्षमता वेगाने वाढली. हिताची कंपनीने १ टेराबाइटची पहिली हार्ड डिस्क २००७ मध्ये आणली, ३ टेराबाइटच्या डिस्क २०१० मध्ये बाजारात आल्या, आणि २०२४ मध्ये सीगेट कंपनीने ३० टेराबाइटच्या डिस्कची घोषणा केली. त्यामुळे जुने उपकरण चालू असले, तरी त्याच्या रचनाकारांनी गृहीत धरलेल्या आकारापेक्षा नव्या डिस्क कितीतरी मोठ्या असतात.

## क्षमतेचे मोजमाप

डिस्क उत्पादक दशमान पद्धत वापरतात. १ टेराबाइट म्हणजे १ लाख कोटी बाइट. अनेक संगणक प्रणाली मात्र १,०२४ च्या पटीत मोजतात. म्हणून ४ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ३.६४ अशी दिसते. हा दोष नसून मापनपद्धतीतील फरक आहे.

रेड रचनेत सर्व जागा वापरकर्त्याला मिळत नाही. 'रेड १' मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते. त्यामुळे एकाच डिस्कएवढी जागा वापरता येते. 'रेड ५' मध्ये एका डिस्कएवढी आणि 'रेड ६' मध्ये दोन डिस्कएवढी जागा पॅरिटी नावाच्या पडताळणी माहितीसाठी खर्ची पडते. साध्या रेड रचनेत प्रत्येक डिस्कचा वापर सर्वांत लहान डिस्कएवढाच होतो.

काही उत्पादकांनी असमान डिस्कसाठी स्तरांची रचना विकसित केली आहे. सिनॉलॉजीची 'हायब्रिड रेड' आणि नेटगिअरच्या रेडीनॅस उपकरणांतील 'एक्स-रेड२' ही तिची उदाहरणे होत. यात डिस्कचे समान भाग करून प्रत्येक भागावर स्वतंत्र रेड रचना उभारली जाते. चार कप्प्यांच्या उपकरणात २ टेराबाइटच्या डिस्क काढून ८ टेराबाइटच्या बसवत गेल्यास वापरण्यायोग्य जागा पुढीलप्रमाणे बदलते.

| डिस्क (टेराबाइट) | साधी रेड ५ | स्तरांची रचना |
|---|---|---|
| २, २, २, २ | ६ | ६ |
| २, २, २, ८ | ६ | ६ |
| २, २, ८, ८ | ६ | १२ |
| २, ८, ८, ८ | ६ | १८ |
| ८, ८, ८, ८ | २४ | २४ |

पहिली मोठी डिस्क बसवल्यावर कोणत्याही पद्धतीत जागा वाढत नाही, कारण तिच्या अतिरिक्त भागाला संरक्षण देणारी दुसरी मोठी डिस्क नसते. साध्या रेड ५ मध्ये तर शेवटची डिस्क बदलेपर्यंत काहीही फरक दिसत नाही.

## जुन्या उपकरणांच्या मर्यादा

### पत्त्यांची मर्यादा

जुन्या 'मास्टर बूट रेकॉर्ड' या पार्टिशन पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. एक सेक्टर ५१२ बाइटचा असल्यास तिची कमाल मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट होते. त्यापुढील जागेसाठी 'जीपीटी' ही नवी पद्धत लागते. केवळ जुनी पद्धत ओळखणाऱ्या फर्मवेअरमध्ये ४ टेराबाइटची डिस्क बसवल्यास उर्वरित जागा निरुपयोगी राहते किंवा डिस्क ओळखलीच जात नाही.

दुसरी मर्यादा एकूण व्हॉल्यूमची असते. लिनक्सवर आधारित उपकरणांत 'एक्स्ट४' ही फाइल प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ४ किलोबाइटचे ब्लॉक आणि ३२ बिटांचे ब्लॉक क्रमांक असल्यास तिची मर्यादा १६ टेबिबाइट, म्हणजे सुमारे १७.६ टेराबाइट असते. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या अनेक उपकरणांना ही मर्यादा लागू होते. अशा वेळी सर्व डिस्क बदलल्या तरी एकच मोठा व्हॉल्यूम करता येत नाही. जागा दोन व्हॉल्यूममध्ये विभागावी लागते.

### विद्युत व यांत्रिक मर्यादा

साडेतीन इंची डिस्क फिरू लागते त्या क्षणी तिला १२ व्होल्टच्या वाहिनीवर सुमारे २ अँपिअर विद्युतप्रवाह लागू शकतो. म्हणून अनेक उपकरणे डिस्क एकामागून एक सुरू करतात. जुन्या वीजपुरवठा संचातील कपॅसिटर कालांतराने क्षीण होतात. परिणामी डिस्क निर्दोष असूनही उपकरण अधूनमधून बंद पडणे किंवा डिस्क अचानक दिसेनाशी होणे, असे प्रकार घडतात.

२०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनचा अर्थ बदलला. पूर्वी तेथे ३.३ व्होल्टचा पुरवठा असे. नव्या मानकात त्याच पिनवर वीज आल्यास डिस्क बंद राहते. त्यामुळे ही सुविधा असलेली नवी डिस्क काही जुन्या उपकरणांत फिरतच नाही आणि ती सदोष असल्याचा समज होतो. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कच्या तळाशी स्क्रूची छिद्रेही वेगळ्या जागी असतात, त्यामुळे त्या जुन्या ट्रेमध्ये घट्ट बसत नाहीत.

साटा जोडणीचा वेग हा सहसा अडथळा ठरत नाही. दुसऱ्या पिढीची साटा जोडणी सेकंदाला सुमारे ३०० मेगाबाइट वाहून नेऊ शकते, तर गिगाबिट नेटवर्कची सैद्धांतिक मर्यादा १२५ मेगाबाइट आहे. जुन्या उपकरणात खरी मर्यादा प्रोसेसर व मेमरीची असते.

### उत्पादकाची सुसंगतता यादी

बहुतेक उत्पादक प्रत्येक मॉडेलसाठी तपासलेल्या डिस्कची यादी प्रसिद्ध करतात. यादीत नसलेली डिस्क चालत नाही असा त्याचा अर्थ नसतो. अनेकदा मॉडेलची विक्री थांबल्यावर नव्या डिस्कची चाचणीच घेतली जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने त्या वर्षीच्या 'प्लस' मालिकेत प्रमाणित डिस्कची अट घातली होती. टीकेनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ती शिथिल करण्यात आली.

## क्षमतावाढीच्या पद्धती

### जागेची आवराआवर

डिस्क विकत घेण्यापूर्वी व्यापलेल्या जागेचे स्वरूप पाहिले जाते. सामायिक फोल्डरची कचरापेटी, फायलींच्या जुन्या आवृत्त्या, स्नॅपशॉट आणि एकाच छायाचित्राच्या अनेक प्रती यांत बरीच जागा अडकलेली असते. स्नॅपशॉट घेतलेल्या व्हॉल्यूममधील फाइल पुसली तरी जुना स्नॅपशॉट असेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही.

### एकेक डिस्क बदलणे

ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. एक जुनी डिस्क काढून तिच्या जागी मोठी बसवली जाते. उर्वरित डिस्कवरील माहिती व पॅरिटी यांवरून उपकरण नव्या डिस्कवर तिचा भाग पुन्हा तयार करते. या क्रियेस पुनर्बांधणी म्हणतात. ती पूर्ण झाल्यावरच पुढील डिस्क काढली जाते. सर्व डिस्क बदलल्यानंतर रेड रचना, तिच्यावरील व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल प्रणाली या क्रमाने विस्तारल्या जातात. यांपैकी शेवटची पायरी राहून गेल्यास डिस्क मोठ्या दिसतात, पण मोकळी जागा पूर्वीइतकीच राहते.

रिकामा कप्पा उपलब्ध असल्यास काही प्रणालींमध्ये जुनी डिस्क न काढताच तिची प्रत नव्या डिस्कवर घेता येते. या प्रकारात संरक्षण कोणत्याही क्षणी कमी होत नसल्याने तो अधिक सुरक्षित आहे. रेड १ मध्ये काढून ठेवलेली जुनी डिस्क ही त्या क्षणापर्यंतच्या माहितीची पूर्ण प्रत असते. म्हणून काम यशस्वी झाल्याची खात्री होईपर्यंत ती जपून ठेवली जाते.

### रिकाम्या कप्प्यात नवी डिस्क

चारपैकी तीनच कप्पे भरलेले असल्यास चौथी डिस्क रेड रचनेत सामील करता येते. यासाठी आधीची सर्व माहिती नव्या मांडणीनुसार पुन्हा लिहावी लागते. लिनक्समध्ये रेड ५ रचना चालू स्थितीत अशी वाढवण्याची सोय २००६ मधील २.६.१७ या आवृत्तीपासून आहे. झेडएफएस या फाइल प्रणालीत मात्र 'रेड-झेड' गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. ती जानेवारी २०२५ मधील ओपनझेडएफएस २.३ मध्ये आली.

### बाह्य डिस्क व विस्तार संच

यूएसबीने जोडलेली डिस्क सहसा मूळ रेड रचनेचा भाग होत नाही. ती स्वतंत्र व्हॉल्यूम म्हणून वापरली जाते. क्वचित लागणारी माहिती तिच्यावर हलवून आतील जागा मोकळी करता येते. मात्र हलवलेल्या माहितीची ती एकमेव प्रत ठरल्यास रेडचे संरक्षण नाहीसे होते. काही मॉडेलना उत्पादकाचा विस्तार संच जोडता येतो. एकच व्हॉल्यूम मुख्य उपकरण व विस्तार संच यांवर पसरवल्यास दोहोंमधील तार निघाली तरी संपूर्ण व्हॉल्यूम बंद पडू शकतो.

### नव्याने मांडणी

बाहेर पूर्ण बॅकअप घेणे, सर्व डिस्क एकदम बदलणे, रचना नव्याने तयार करणे आणि माहिती परत भरणे, हा आणखी एक मार्ग आहे. यात उपकरण काही काळ वापराबाहेर राहते. परंतु जुन्या फाइल प्रणालीच्या मर्यादा मागे राहतात आणि जुन्या डिस्क सुट्या पण अखंड स्वरूपात हाती राहतात. एकाच कप्प्याच्या उपकरणात बहुधा हाच पर्याय असतो.

## पुनर्बांधणीतील धोके

रेड ५ मध्ये पुनर्बांधणी चालू असताना आणखी एक डिस्क बंद पडल्यास संपूर्ण रचना कोसळते. चार डिस्क क्रमाने बदलताना हा धोका वारंवार पत्करावा लागतो. पहिल्या पुनर्बांधणीत तीन जुन्या डिस्क, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात एक जुनी डिस्क पूर्ण वाचली जाते. म्हणजे शेवटपर्यंत राहिलेली जुनी डिस्क तीनदा अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. म्हणून सर्वांत संशयास्पद डिस्क प्रथम बदलण्याची शिफारस केली जाते.

लागणारा वेळही मोठा असतो. जुन्या प्रोसेसरमुळे पुनर्बांधणीचा वेग सेकंदाला ५० मेगाबाइट राहिला, तर २ टेराबाइटच्या भागासाठी सुमारे ११ तास लागतात. अशा चार फेऱ्यांना सुमारे ४४ तास होतात. त्यानंतर प्रत्येक ८ टेराबाइटच्या डिस्कवरील उर्वरित ६ टेराबाइट जागा रचनेत घेण्यास आणखी सुमारे ३३ तास लागतात. एकूण काम तीन दिवसांहून अधिक चालते. या काळात वीज गेल्यास गुंतागुंत वाढते. त्यामुळे उपकरणास यूपीएस जोडणे आवश्यक समजले जाते.

घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात १०<sup>१४</sup> बिटांमागे कमाल एक वाचनदोष असे प्रमाण दिलेले असते. १०<sup>१४</sup> बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून चांगली कामगिरी करतात, परंतु मोठ्या डिस्कच्या रेड ५ पुनर्बांधणीत वाचावी लागणारी माहिती याच परिमाणाची असते, हे लक्षणीय आहे. वर्षानुवर्षे न वाचलेल्या सेक्टरमधील दोष आधीच उघडकीस यावेत म्हणून क्षमतावाढीपूर्वी संपूर्ण डिस्कचे पडताळणी वाचन केले जाते. त्यास स्क्रबिंग म्हणतात.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' या सुविधेत ठेवते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला स्कॅन दोष आढळलेली डिस्क त्यानंतरच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. मात्र बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार प्रमुख लक्षणांपैकी एकाचीही नोंद नव्हती. म्हणजे स्मार्टमधील इशारा गंभीर मानावा लागतो. इशाऱ्याचा अभाव ही मात्र हमी नव्हे.

### डिस्कची निवड

काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. या शिंगल्ड पद्धतीमुळे क्षमता वाढते. परंतु सतत लिहिताना वेग फार कमी होतो आणि पुनर्बांधणी अनेक पटींनी लांबू शकते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, नेटवर्क साठवणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर कंपनीने अशा डिस्कची यादी जाहीर केली.

वाचनदोष आल्यास साधी डिस्क दीर्घकाळ प्रयत्न करत राहते, तर रेडसाठीची डिस्क सामान्यतः ७ सेकंदांत प्रयत्न थांबवून दोष कळवते. उत्तर न देणाऱ्या डिस्कला काही नियंत्रक निकामी समजून रचनेबाहेर काढतात. हा फरक पुनर्बांधणीच्या वेळी निर्णायक ठरू शकतो.

## बॅकअप

रेड ही बॅकअपची पर्यायी व्यवस्था नव्हे. ती डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते. चुकून पुसलेली फाइल, खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, चोरी, आग किंवा फसलेली क्षमतावाढ यांपासून देत नाही. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला '३-२-१' नियम सर्वत्र उद्धृत केला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी. बॅकअपमधील काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय तो पूर्ण मानला जात नाही. घरगुती माहितीत कौटुंबिक छायाचित्रांसारख्या पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींचा वाटा मोठा असल्याने या पायरीचे महत्त्व डिस्कच्या किमतीपेक्षा अधिक असते.

## सॉफ्टवेअरचे आयुष्य

नव्या डिस्क बसवल्याने उपकरणाचे सॉफ्टवेअर नवे होत नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या उपकरणांतील माहिती इंटरनेटवरून झालेल्या हल्ल्यात पुसली गेली. त्या उपकरणांचे शेवटचे फर्मवेअर २०१५ मधील होते. कंपनीने ती इंटरनेटपासून तोडण्याचा सल्ला दिला. जुनी उपकरणे 'एसएमबी' या फाइल-वाटप प्रोटोकॉलची पहिलीच आवृत्ती वापरत असल्यास नवे संगणक त्यांना ओळखत नाहीत. २०१७ च्या उत्तरार्धातील विंडोज १० पासून ती आवृत्ती मूलतः बसवलेली नसते.

बंदिस्त रचनेचा धोका ड्रोबो या उत्पादनाच्या बाबतीत दिसून आला. असमान डिस्क सहज सामावून घेणारी त्याची रचना कंपनीच्या स्वतःच्या तंत्रावर आधारित होती. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढील वर्षी तिची मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली. अशा डिस्क वाचण्यासाठी त्याच प्रकारचे उपकरण लागते. याउलट लिनक्सच्या प्रमाणित रेडवर आधारलेल्या डिस्क अनेकदा लिनक्स असलेल्या साध्या संगणकावर वाचता येतात.

यावरून क्षमतावाढ की नवे उपकरण, हा निर्णय केवळ जागेवर अवलंबून नसतो. सुरक्षा सुधारणा अद्याप मिळत असतील आणि व्हॉल्यूमची मर्यादा गाठलेली नसेल, तर क्षमतावाढ किफायतशीर ठरते. सुधारणा थांबल्या असल्यास नव्या डिस्क नव्या उपकरणात बसवणे आणि जुने उपकरण इंटरनेटपासून वेगळे ठेवून दुय्यम बॅकअपसाठी वापरणे, हा मार्ग अनेकदा स्वीकारला जातो.

## जुन्या डिस्कची विल्हेवाट

रेडमधून काढलेल्या एकट्या डिस्कवरही वाचता येण्याजोगे तुकडे असू शकतात, आणि रेड १ मधील डिस्कवर तर सर्वच माहिती असते. म्हणून ती विकण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून जुनी नष्ट केली जाते. केवळ फॉरमॅट करणे पुरेसे नसते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये अशा कचऱ्याचा पुनर्वापर नोंदणीकृत संस्थांमार्फत होणे अपेक्षित आहे.

## हे सुद्धा पहा

* हार्ड डिस्क
* रेड (संगणक साठवण)
* फाइल प्रणाली
* बॅकअप
* लिनक्स
* ई-कचरा